हर्षल नावाचा माणूस

प्रत्येक वर्गात एखादा तरी हर्षल असतोच. पंचांगातही एक असतो, शनीच्या पलीकडचा ग्रह, म्हणजे युरेनस. ग्रहाचं हे नाव एका माणसाच्या आडनावावरून आलंय, असं विज्ञान दिनाला जवळच्या शाळेत सांगितलं तेव्हा पोरं एकदम गप्प झाली. सूर्यापासून २८७ कोटी किलोमीटर, जवळजवळ आडवा पडून फिरणारा, ही सगळी आकडेमोड मी पाठ करून गेलो होतो. पोरांना हवी होती त्या माणसाची गोष्ट.

विल्यम हर्शेल १७३८ साली जर्मनीतल्या हॅनोव्हरला जन्मला. वडील लष्करी बँडमध्ये ओबो वाजवायचे, पोरगाही त्याच बँडमध्ये लागला. १७५७ मध्ये तो इंग्लंडला आला आणि पुढे बाथ गावात चॅपेलचा ऑर्गनवादक झाला. दिवसभर शिकवण्या आणि कार्यक्रम. खगोलशास्त्राची डिग्री वगैरे काही नाही! पस्तिशीच्या आसपास पुस्तकं वाचून आकाशाचं वेड लागलं. मोठी दुर्बीण परवडेना, म्हणून पठ्ठ्या स्वतःच आरसे घासायला बसला.

मेकॅनिकलवाल्यांनी इथे कान टवकारावेत. तेव्हा दुर्बिणीचे आरसे काचेचे नसत. तांबं आणि कथील यांचा ठिसूळ मिश्रधातू ओतायचा आणि मग हातानं पॉलिश करत राहायचं. एकदा सोळा तास त्यानं आरशावरचा हात उचलला नाही, बहीण कॅरोलिन त्याला घास भरवत होती. १७८१ च्या ऑगस्टमध्ये घरातच मोठा आरसा ओतताना भट्टी फुटली, वितळलेला धातू सांडला, दगडी फरशीच्या ठिकऱ्या उडाल्या आणि सगळे जीव घेऊन पळाले. (साचा घोड्याच्या लिदीचा होता. यावर पोरं खूप हसली.)

ग्रह सापडला तो त्याआधी, १३ मार्च १७८१ च्या रात्री, घरामागच्या बागेतून, सव्वासहा इंची आरशातून. एक तारा थाळीसारखा दिसला. जास्त ताकदीची भिंगं लावली तर तो आणखी मोठा दिसे, बाकीचे तारे तसे वाढत नव्हते. चार दिवसांनी पाहिलं तर तो जागचा हललेला. हर्शेलला वाटलं धूमकेतू असेल. गणितज्ञांनी कक्षा मांडली तर ती जवळपास वर्तुळ निघाली. म्हणजे ग्रहच! गंमत म्हणजे फ्लॅमस्टीडनं १६९० मध्येच हा ठिपका पाहून तारा म्हणून नोंदवला होता. माझ्या मते फरक त्या घासलेल्या आरशाचा होता.

राजा तिसऱ्या जॉर्जनं वर्षाला २०० पौंड लावून दिले आणि संगीताची नोकरी सुटली. ग्रहाला राजाचं नाव द्यायचं हर्शेलच्या मनात होतं. जगानं युरेनस धरलं, आपल्या पंचांगात मात्र हर्षल राहिला.

कॅरोलिनचं गायिका म्हणून बरं चाललं होतं. ते सोडून ती रात्र रात्र थंडीत भावाची निरीक्षणं लिहून घेत बसली. तिनं स्वतः आठ धूमकेतू शोधले. १७८७ पासून तिला वर्षाला ५० पौंड पगार मिळू लागला. मग ग्रहाला तिचं नाव का नाही, असं पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं. मला उत्तर सुचलं नाही.

या ग्रहाला सूर्याभोवती एक फेरी मारायला ८४ वर्षं लागतात. हर्शेल १८२२ साली गेला, तेव्हा तो ८३ वर्षांचा होता. कॅरोलिन ९७ वर्षं जगली.