मीर सुलतान खान : पटावरची नजर आणि अंगातला ताप

बुद्धिबळ हा बसून खेळायचा खेळ, त्यात शरीराला काय काम, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. मीर सुलतान खान यांचे आयुष्य या समजाला चांगलाच धक्का देते.

आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबातील मिठा टिवाणा या गावी 1903 च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. लहानपणीच वडिलांनी त्यांना पट शिकवला, पण तो देशी पद्धतीचा. त्यात प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर पुढे जाई आणि किल्लेकोटाचे नियमही निराळे होते. त्यामुळे डाव सावकाश उभा राही. झटपट हल्ल्यापेक्षा मोहऱ्यांची जुळणी, संयम आणि शेवटच्या टप्प्यातली चिकाटी यांना महत्त्व येई.

जमीनदार सर उमर हयात खान यांनी त्यांचे कसब हेरले, आश्रय दिला आणि युरोपीय नियम शिकण्याची सोय केली. 1928 मध्ये सुलतान खान अखिल भारतीय स्पर्धा जिंकले. पुढच्याच वर्षी ते लंडनला गेले. तिथल्या पहिल्या लहानशा स्पर्धेत ते तळाला राहिले. मग विंटर आणि येट्स या इंग्रज खेळाडूंनी त्यांची तयारी करून घेतली. त्याच उन्हाळ्यात रॅम्सगेट येथे त्यांनी ब्रिटिश अजिंक्यपद पटकावले. 1932 आणि 1933 मध्येही ते त्यांच्याकडेच आले. 1930-31 च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांनी माजी जगज्जेते कापाब्लांका यांना हरवले. 1931 च्या प्राग ऑलिंपियाडमध्ये इंग्लंडच्या पहिल्या पटावर खेळताना त्यांनी फ्लोर आणि रुबिनस्टाइन यांना नमवले, तर तेव्हाचे जगज्जेते अलेखिन यांना बरोबरीत रोखले.

डावाच्या सुरुवातीचे ग्रंथ घोकलेले नसताना हे कसे जमले? याचा एक धागा मानसशास्त्रात सापडतो. डच मानसशास्त्रज्ञ आणि बुद्धिबळपटू आद्रियान द ग्रोट यांनी 1940 च्या दशकात दाखवले, की अव्वल खेळाडू इतरांपेक्षा फार जास्त खेळ्या पुढचे मोजत नाहीत. त्यांना पटावर नेमके काय चालले आहे ते लवकर दिसते. काही सेकंद पाहिलेला डाव ते जवळपास जसाच्या तसा मांडू शकतात. पुढे 1973 मध्ये चेस आणि सायमन यांनी मोहरी वाटेल तशी विस्कटून मांडली, तेव्हा ही आघाडी जवळजवळ नाहीशी झाली. म्हणजे ही केवळ पाठांतराची ताकद नसते. ओळखीच्या रचना डोक्यात साठलेल्या असतात. सुलतान खान यांच्याकडे हा साठा मधल्या आणि शेवटच्या डावाचा होता, असे त्यांच्या खेळावरून म्हणता येते. सुरुवातीला मागे पडलेला डाव ते पुढे सावरत.

मात्र हा साठा वापरायला मेंदू ताजातवाना लागतो, आणि इंग्लंडमध्ये त्यांची प्रकृती वरचेवर बिघडे. हिवताप, सर्दी-पडसे, घशाचा संसर्ग यांनी ते बेजार असत. अनेकदा गळ्याला पट्टी गुंडाळून पटासमोर बसत. थंड इंग्लंडमध्ये हिवताप कुठून आला, असा प्रश्न पडेल. हिवतापाच्या एका प्रकारातले परजीवी यकृतात दडून राहतात आणि डास न चावताही काही महिन्यांनी पुन्हा डोके वर काढतात. शरीराच्या वजनाच्या सुमारे 2 टक्के असलेला मेंदू विश्रांतीतही जवळपास 20 टक्के ऊर्जा वापरतो. ताप आला की शरीराचा खर्च आणखी वाढतो. संसर्गाशी लढताना शरीरात जी रसायने तयार होतात, त्यांनी मरगळ येते, लक्ष विचलित होते. चार-पाच तासांच्या डावात एक क्षण नजर ढळली तरी घोडा हातचा जातो. अशा अवस्थेत त्यांनी मिळवलेले विजय म्हणूनच अधिक थक्क करतात.

1933 च्या अखेरीस ते मायदेशी परतले. 1935 मध्ये त्यांनी मराठी बुद्धिबळपटू व्ही. के. खाडिलकर यांच्याशी 10 डाव खेळले. खाडिलकरांना त्यातला एकच बरोबरीत सोडवता आला, बाकी नऊ सुलतान खान यांनी जिंकले. त्यानंतर स्पर्धांचे जग त्यांनी जवळपास सोडले आणि सरगोध्याजवळ शेतीत आयुष्य घालवले. 25 एप्रिल 1966 रोजी क्षयरोगाने त्यांचे निधन झाले. जागतिक बुद्धिबळ महासंघाने त्यांना मानद ग्रँडमास्टर किताब दिला तो 2024 मध्ये, मृत्यूनंतर 58 वर्षांनी.

पनवेल परिसरातली किती तरी मुले आज बुद्धिबळाच्या वर्गाला जातात. त्यांच्या पालकांनी या चरित्रातून दोन गोष्टी घ्याव्यात. सुरुवातीच्या खेळ्या घोकून घेण्याइतकाच वेळ शेवटच्या डावांना द्यावा. आणि मूल तापाने फणफणले असेल तर स्पर्धा बुडू द्यावी. पावसाळ्यात थंडी वाजून ताप आला, तर अंगावर न काढता रक्त तपासून घ्यावे. डॉक्टरांनी दिलेली गोळ्यांची मात्रा पूर्ण घ्यावी, कारण यकृतात लपलेल्या परजीवींसाठी वेगळे औषध लागते. दोन आठवड्यांहून अधिक टिकणाऱ्या खोकल्यासाठी थुंकीची तपासणी करावी; ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. क्षयरोग आज पूर्ण उपचारांनी बरा होतो. अट एकच, औषधांचा डाव अर्धवट सोडायचा नाही.