मोरीच्या वळणामागचा माणूस

स्वयंपाकघरातील सिंक तुंबले की प्लंबर पहिल्यांदा हात घालतो तो भांड्याखालच्या वाकड्या नळीला. खाली बादली सरकवून तो ती नळी फिरवून सोडवतो आणि तिच्यातून चहाचा चोथा, भाताची शिते, थिजलेले तूप आणि क्वचित हरवलेली अंगठीही बाहेर येते. नळी सरळ असती तर एवढा खटाटोप करावाच लागला नसता, असे घरधन्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ही नळी मुद्दाम वाकवलेली असते. या वळणाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, ते लंडनचे प्लंबर थॉमस क्रॅपर यांच्या वाट्याला कीर्ती आली ती मात्र भलत्याच कारणांसाठी.

क्रॅपर यांचा जन्म १८३६ मध्ये इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यातील थॉर्न या गावी झाला. वडील खलाशी होते. मोठा भाऊ जॉर्ज लंडनच्या चेल्सी भागात प्लंबरचा व्यवसाय करीत असे. १८५३ मध्ये थॉमस त्याच्याच हाताखाली उमेदवारी करू लागले. त्याच सुमारास शहरात कॉलरा पुन्हा उसळला होता. १८४८-४९ च्या साथीत लंडनमध्ये १४ हजारांवर माणसे दगावली होती. या साथीने आणखी दहा हजारांवर बळी घेतले. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीची दुर्गंधी इतकी असह्य झाली, की नदीकाठच्या पार्लमेंटला कामकाज चालवणे अवघड झाले. त्यानंतरच जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याला शहराखालून भव्य गटारे बांधण्याचे काम सोपवण्यात आले.

गटारे झाली, घरे त्यांना जोडली गेली आणि नवाच प्रश्न उभा राहिला. घरातील पाणी ज्या नळीने खाली जाते, त्याच नळीने गटारातील कुबट वायू वर येऊ लागला. यावरचा उपाय तसा जुना होता. अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ मध्येच शौचकूपाखाली इंग्रजी एस अक्षरासारख्या वळणाच्या नळीचे पेटंट घेतले होते. वळणात थोडे पाणी साचून राहते आणि हे साचलेले पाणीच वायूची वाट अडवते. कल्पना साधी, पण विलक्षण. मात्र एस आकाराच्या नळीत दोन उणिवा होत्या. ती तुंबत असे. शिवाय पाणी जोराने खाली कोसळताना वळणातील पाणीही आपल्याबरोबर ओढून नेई. वळण कोरडे पडले, की दुर्गंधीला दार उघडे.

१८६१ मध्ये क्रॅपर यांनी चेल्सीतच स्वतःचा कारखाना काढला. पितळी ओतकामाची व्यवस्थाही त्यांनी तिथेच केली होती. योगायोगाने त्याच वर्षी व्हिक्टोरिया राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट यांचे निधन झाले. डॉक्टरांनी कारण टायफॉइडचे दिले. दहा वर्षांनी, १८७१ मध्ये, युवराज एडवर्ड स्कारबरो येथील एका मुक्कामानंतर टायफॉइडने मरणाच्या दारी जाऊन आले. त्या घरातले आणखी एक पाहुणे आणि युवराजांचा मोतद्दार मात्र वाचले नाहीत. ठपका घराच्या सांडपाणी व्यवस्थेवर ठेवण्यात आला. टायफॉइड गटारातील वायूने होतो ही तेव्हाची समजूत चुकीची होती, तो दूषित अन्नपाण्यातून होतो. पण या घटनेने श्रीमंतांच्या घरातील नळ्यांकडे सर्वांचे लक्ष वेधले, हे खरे. हेच युवराज पुढे क्रॅपर यांचे गिऱ्हाईक झाले. १८८० च्या दशकात सँड्रिंगहॅम येथील त्यांच्या प्रासादातील नळकाम क्रॅपर यांच्या कंपनीने केले आणि राजघराण्याची अधिकृत सनद मिळवली.

क्रॅपर यांचे आणखी एक धाडस म्हणजे १८७० चे शोरूम. न्हाणीघरातील वस्तूंचा उच्चारही सभ्य घरांत वर्ज्य असलेल्या काळात त्यांनी टब, बेसिन आणि शौचपात्रे काचेआड मांडून ठेवली. १८८० मध्ये त्यांनी एस ऐवजी यू आकाराचे वळण आणले. त्यात तुंबण्याचे प्रमाण कमी झाले. आपल्याकडे न्हाणीघराच्या जाळीखाली जो 'नहाणी ट्रॅप' बसवतात, त्याचेही तत्त्व तेच. हा देशी शब्द भारतातील अभियांत्रिकीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांतही जसाच्या तसा रुळला आहे.

या वळणातल्या वीतभर पाण्याचे मोल २००३ मध्ये हाँगकाँगला कळले. अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्सची लागण होऊन ३०० हून अधिक रहिवासी आजारी पडले आणि ४० हून अधिक दगावले. रहिवासी न्हाणीघराची फरशी धुण्याऐवजी नुसती पुसत असल्याने जाळीखालची वळणे कोरडी पडली होती आणि विषाणूला घराघरांत शिरण्यास वाट मिळाली, असे तपासात दिसून आले. बंद घरातील प्रत्येक मोरीत अधूनमधून तांब्याभर पाणी ओतावे, असे प्लंबर सांगतात ते उगाच नव्हे.

एवढे असूनही क्रॅपर लक्षात राहिले ते फ्लश शौचालयाचे जनक म्हणून. आणि ते त्यांनी शोधलेलेच नाही. सर जॉन हॅरिंग्टन यांनी फ्लशचा नमुना १५९६ मध्येच मांडला होता. क्रॅपर यांच्या नावावर नऊ पेटंटे असली, तरी त्यांपैकी फ्लश शौचालयाचे एकही नाही. ज्या बिनआवाजी टाकीचे श्रेय त्यांना दिले जाते, तिचे १८९८ चे पेटंट अल्बर्ट गिब्लिन यांचे. क्रॅपर यांची कंपनी ती विकत असे. या गैरसमजाला खतपाणी घातले ते वॉलेस रेबर्न या लेखकाच्या १९६९ मधील खुसखुशीत चरित्राने. याच लेखकाने दोन वर्षांनी ब्रेसियरच्या जनकाचेही चरित्र लिहिले, आणि तो जनक निव्वळ काल्पनिक होता! क्रॅपर यांना 'सर' हा किताब मिळाला, हीदेखील दंतकथाच. त्यांच्या नावाशी जुळणारा इंग्रजीतील ग्राम्य शब्दही त्यांच्या जन्माआधीपासूनचा आहे.

१९०४ मध्ये पुतण्या आणि भागीदार यांच्या हाती कारभार सोपवून क्रॅपर निवृत्त झाले. २७ जानेवारी १९१० रोजी त्यांचे निधन झाले. दक्षिण लंडनमधील एल्मर्स एंड दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. मूळ कंपनी १९६६ मध्ये विकली गेली. पण वेस्टमिन्स्टर अ‍ॅबे या राजेरजवाड्यांच्या आणि कवींच्या समाधिस्थळी, फरसबंदीतल्या गटाराच्या लोखंडी झाकणांवर त्यांचे नाव कोरलेले आहे. हौशी पर्यटक त्यावर कागद ठेवून पेन्सिलीने ठसे घेतात.