विजेस वाट करून देणारे बेंजामिन फ्रँकलिन

मृगाच्या अगोदर सोलापूर जिल्ह्यात वळवाचे ढग दाटून येतात आणि शेतातील माणूस, बैल अथवा लिंबाखाली उभा राहिलेला गुराखी विजेने दगावल्याची वार्ता कोठून ना कोठून येते. मग गावात कोणीतरी मृत मनुष्य पायाळू होता असे बोलतो, व ते घरच्यांस निमूटपणे ऐकून घ्यावे लागते. विजेस पायाळू ओळखता येत नाही. ती उंच वस्तू शोधते व जमिनीत शिरण्यास सोपी वाट पाहते. हे ज्या गृहस्थांनी जगास दाखवून दिले त्यांची हकिकत आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

बेंजामिन फ्रँकलिन हे 17 जानेवारी 1706 रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरी जन्मले. आपल्या भागात ज्या अमेरिकन मराठी मिशनने काम केले, त्याच्या मूळ मंडळाची कचेरी पुढे ह्याच शहरी होती. वडील साबण व मेणबत्त्या करून विकीत. त्यांना सतरा मुले. बेंजामिन हे पंधरावे. जन्माच्या दिवशीच ओल्ड साऊथ मंडळीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. दहाव्या वर्षी शाळा सुटली, बाराव्या वर्षी थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी सुरू झाली, आणि भावाशी न पटल्यामुळे 1723 साली ते फिलाडेल्फियास पळून गेले. तेथे स्वतःचा छापखाना, वर्तमानपत्र, 1731 साली वर्गणीचे ग्रंथालय, 1736 साली आग विझविणाऱ्यांची मंडळी, असे त्यांचे उद्योग वाढत गेले. प्रसिद्ध उपदेशक जॉर्ज व्हाइटफील्ड ह्यांची प्रवचने त्यांनी छापली व त्यांच्याशी स्नेह राखिला. तथापि ख्रिस्ताच्या देवत्वाविषयी ते स्वतः अखेरपर्यंत साशंक राहिले, हे येथे लपविण्यात अर्थ नाही.

1750 साली त्यांनी असे सुचविले की, मनोऱ्यावर अणकुचीदार लोखंडी सळई उभारिल्यास ढगातील वीज व काच घासून निघणारी वीज एकच आहे हे सिद्ध होईल. 10 मे 1752 रोजी फ्रान्स देशातील मार्ली गावी तसे करून पाहण्यात आले आणि सळईतून ठिणग्या निघाल्या. त्याच वर्षी फ्रँकलिन ह्यांनी पतंगाचा प्रयोग केला. पतंगावर वीज कोसळली अशी चित्रे काढतात ती खोटी आहेत. ती कोसळली असती तर ते वाचले नसते. पुढल्याच वर्षी रशियाच्या राजधानीत रिचमन नामक पंडित असाच प्रयोग करीत असता जागीच मृत्यू पावले, कारण त्यांची सळई जमिनीशी जोडलेली नव्हती. प्रस्तुत विषयाचे सारे मर्म ह्या एका मृत्यूत आहे.

1753 सालच्या आपल्या पंचांगात फ्रँकलिन ह्यांनी सामान्य लोकांसाठी कृती छापिली: लोखंडी सळईचे खालचे टोक तीन-चार फूट ओलसर जमिनीत, वरचे टोक घराच्या सर्वांत उंच भागाहून सहा-आठ फूट वर, आणि त्यावर पितळेची अणकुचीदार तार. ह्या युक्तीचे हक्क त्यांनी विकत ठेविले नाहीत.

विरोध झाला तो मंदिरांतूनही. 1755 साली बोस्टनला भूकंप झाला तेव्हा ह्या सळयांनी वीज जमिनीत साठविल्यामुळे धरणी हादरते की काय, अशी शंका पाळक थॉमस प्रिन्स ह्यांनी छापून प्रसिद्ध केली. हे पाळक त्याच ओल्ड साऊथ मंडळीचे. ते विद्वान होते, म्हणून आम्हांस त्यांचे हसू येत नाही, भय वाटते. युरोपात तर वादळ टळावे म्हणून घंटा वाजवीत. 1784 साली म्युनिक येथे छापलेल्या पुस्तकात, तेहतीस वर्षांत 386 मनोऱ्यांवर वीज पडून 103 घंटा वाजविणारे मेले असे नोंदले आहे. भिजलेला दोर हाती धरून उंच घंटेखाली उभे राहणे म्हणजे स्वतःच सळई होणे. आपल्या प्रचारक बंधूंनी गडगडाट ऐकू येत असता घंटेस हात लावू नये. उपासना अर्धा तास उशिरा झाली तरी चालेल.

फ्रँकलिन ह्यांची एक समजूत मात्र चुकली. अणकुचीदार टोक ढगातील वीज हळूहळू ओढून घेईल असे त्यांस वाटे. वस्तुतः सळई वीज पडणे थांबवीत नाही. पडलेल्या विजेस भिंतीऐवजी स्वतःतून जमिनीत नेते. टोक अणकुचीदार असावे की बोथट, ह्यावर इंग्लंडच्या राजाने बोथटाचा पक्ष घेतला होता, आणि 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रयोगांत किंचित बोथट सळयाच सरस ठरल्या! टोकाहून पायाची चिंता अधिक करावी. जमिनीतील भाग आज पुष्कळ खोल नेतात. काळ्या मातीत ओल टिकते, मुरमाड जागी ती टिकत नाही. पट्टी वरपासून खालपर्यंत अखंड असावी, तिला काटकोनी वळणे नसावीत, आणि जवळचे पत्रे व घंटेचा लोखंडी सांगाडा तिला जोडलेला असावा. हे काम जाणत्या कारागिराकडून आणि आभाळ निरभ्र असतानाच करवावे. तांब्याची पट्टी चोरीस जाते हे आपणांस ठाऊक आहेच. मधून तुटलेली सळई ही मुळीच नसण्याहून वाईट, म्हणून दर उन्हाळ्याच्या अखेरीस ती छपरापासून जमिनीपर्यंत पाहून घ्यावी.

उतारवयात फ्रँकलिन ह्यांनी गुलामगिरीविरुद्ध काम केले, जरी पूर्वी त्यांच्या घरी गुलाम होते. कित्येक वर्षे फ्रान्सला राहून ते परतले व 1787 साली त्यांनी घराची दुरुस्ती काढली, तेव्हा छपरावरील सळई खाली उतरविण्यात आली. तिचे नऊ इंच लांबीचे तांब्याचे टोक जवळजवळ सारे वितळून गेलेले होते. घर शाबूत होते. 17 एप्रिल 1790 रोजी त्याच शहरी त्यांचे देहावसान झाले.