वेठ मोडणाऱ्या गोदावरीबाई

वसई, प्रतिनिधी

वसई-विरारच्या नळांना येणाऱ्या पाण्याचा मोठा भाग सूर्या नदीवरील धामणी धरणातून येतो. ज्या डोंगरांतून हे पाणी येते, तेथील आदिवासी कुटुंबे भातकापणी उरकली की याच वसई-भिवंडी पट्ट्यातील वीटभट्ट्यांवर येऊन राबतात. पाणी आणि श्रम असे दुहेरी ऋण असूनही शहराला या माणसांचा इतिहास फारसा ठाऊक नाही. त्या इतिहासाच्या केंद्रस्थानी पुण्याच्या एका सुखवस्तू घरातील स्त्री उभी आहे. त्या म्हणजे गोदावरी परुळेकर.

गोदावरीबाईंचा जन्म १९०७ साली पुण्यातील गोखले कुटुंबात झाला. वडील नामांकित वकील होते. फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण घेऊन त्यांनी पुढे कायद्याची पदवी मिळविली. महाराष्ट्रातील पहिल्या महिला कायदा पदवीधर म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. वकिलीची वाट मोकळी असताना त्या स्वातंत्र्यलढ्यात उतरल्या व तुरुंगात गेल्या. वडिलांना ही वाट मान्य नव्हती, म्हणून घर सोडून त्यांनी मुंबई गाठली. भारत सेवक समाजाच्या त्या पहिल्या महिला आजीव सदस्य होत. मुंबईत त्यांनी साक्षरता प्रसाराचे काम केले आणि घरकाम करणाऱ्यांची संघटना बांधली. १९३९ साली श्यामराव परुळेकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच सुमारास दोघेही कम्युनिस्ट पक्षात दाखल झाले.

जानेवारी १९४५ मध्ये कल्याणजवळच्या टिटवाळा येथे किसान सभेची परिषद भरली. तीत उंबरगाव तालुक्यातून मोजकेच वारली आले होते. त्यांनी मांडलेली हकिकत ऐकून परुळेकर दांपत्याने त्या भागात जाण्याचे ठरविले. डहाणू व उंबरगाव हे दोन्ही तालुके त्या काळी ठाणे जिल्ह्यात होते.

तेथे दिसले ते गुलामीहून वेगळे नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या जंगल तोडून वारल्यांनी कसलेल्या जमिनी कर्ज आणि कागदपत्रांच्या जोरावर सावकार-जमीनदारांकडे गेल्या होत्या. त्याच शेतांवर मूळ मालक वेठीला धरले जात. लग्नासाठी घेतलेल्या थोड्या पैशांपायी नवरा-बायको दोघेही जन्मभर धन्याकडे राबत. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. मारहाण नित्याची होती.

गोदावरीबाई पाड्यापाड्यांतून पायी हिंडल्या. वारल्यांच्या झोपडीत राहिल्या, त्यांच्या ताटातले खाल्ले आणि आधी त्यांचे म्हणणे ऐकून घेतले. पुण्यात वाढलेल्या बाईंना वारल्यांची बोलीही नव्याने समजून घ्यावी लागली. वाचता न येणाऱ्या समाजात पत्रके वाटून उपयोग नव्हता. निरोप तोंडी जाणार असल्यामुळे तो कोणाच्याही ध्यानात राहील असा असणे आवश्यक होते.

तसा निरोप २३ मे १९४५ रोजी झरी गावच्या परिषदेतून निघाला. सुमारे ५ हजार आदिवासी जमले होते. रोज १२ आणे रोख मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या खासगी शेतावर काम करायचे नाही, वेठ करायची नाही, कोणी मारले तर प्रतिकार करायचा आणि सर्वांनी एकजुटीने राहायचे, एवढेच त्यात होते. तो निरोप ऐकणाऱ्यांनीच गावोगाव पोहोचविला. शतकभर चालत आलेली वेठ काही आठवड्यांत मोडून पडली. लग्नगडी मोकळे झाले.

पुढचा प्रश्न मजुरीचा होता. या भागातील गवत मोठ्या प्रमाणावर मुंबईला जात असे. ५०० पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मिळावेत, या मागणीसाठी ऐन हंगामात संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे हजारो आदिवासी जमले. गोदावरीबाईंच्या जिवाला धोका असल्याचा खोटा निरोप जमीनदारांच्या गोटातून पसरविण्यात आला होता आणि त्यांच्या रक्षणासाठी माणसे धावून आली होती. पोलिसांनी या जमावावर गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह ५ आदिवासी मृत्युमुखी पडले. परुळेकरांवर पुढे जिल्हाबंदीचे हुकूम निघाले, पण संघटना टिकली. आदिवासी बाईंना प्रेमाने गोदाराणी म्हणू लागले होते.

स्वातंत्र्यानंतरही तुरुंगवास चुकला नाही. १९६५ साली श्यामरावांचे कैदेतच निधन झाले, तेव्हा गोदावरीबाईही स्थानबद्ध होत्या. वारल्यांच्या उठावाची कहाणी त्यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकास १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९८६ मध्ये त्या अखिल भारतीय किसान सभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी, तलवाड्याच्या हुतात्मा दिनाच्या दोन दिवस आधी, त्यांचे निधन झाले.

वेठ गेली, तरी जमिनीचा प्रश्न संपला नाही. वनजमिनीवरील हक्कांचा कायदा २००६ साली झाला. त्याच्या अंमलबजावणीसाठी मार्च २०१८ मध्ये हजारो शेतकरी नाशिकहून मुंबईपर्यंत चालत आले. त्यांत आदिवासींची संख्या मोठी होती.

आता त्यात हवामानाची भर पडली आहे. परतीचा पाऊस लांबला की कापणीला आलेले भात आडवे होते आणि वीटभट्टीची वाट लवकर धरावी लागते. वातावरण तापविण्यात ज्या पाड्यांचा वाटा नगण्य, त्यांनाच त्याची झळ आधी बसते. या विषयावर परिषदा पुष्कळ होतात. डहाणूपर्यंत आता लोकलही जाते. पाड्यावर जाऊन आधी ऐकून घेण्याचे जे काम गोदावरीबाईंनी पायी चालत केले, ते करणाऱ्यांची मात्र आजही वानवा आहे.