वीरधवलकर्ते नाथमाधव

मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांना अद्भुताची गोडी लावणाऱ्या कादंबऱ्यांत ‘वीरधवल’ या कादंबरीचे स्थान मोठे आहे. ती हाती घेतली की साहस आणि पराक्रम यांच्या राज्यात मन कसे रमून जाते. परंतु हा शूर नायक ज्यांच्या लेखणीतून जन्मास आला, ते नाथमाधव मात्र ही कादंबरी लिहिली तेव्हा स्वतःच्या पायांवर उभेही राहू शकत नव्हते.

नाथमाधवांचे संपूर्ण नाव द्वारकानाथ माधवराव पितळे. स्वतःच्या व वडिलांच्या नावांचे अंश जोडून त्यांनी हे टोपणनाव घेतले. त्यांचा जन्म ३ एप्रिल १८८२ रोजी झाला. तरुणपणी त्यांना शिकारीचा मोठा नाद होता. डोंगरकपारी तुडवाव्यात, रानात भटकावे, यातच त्यांना आनंद वाटे. असेच एकदा शिकारीच्या निमित्ताने सिंहगडाच्या परिसरात गेले असता ते कड्यावरून खाली कोसळले. प्राण वाचले, परंतु कमरेखालचे शरीर कायमचे लुळे झाले.

ज्याचे सारे सुख धावण्यात आणि चढण्यात होते, त्याच्या वाट्याला ऐन तारुण्यात अंथरूण यावे, याहून कठीण प्रसंग कोणता? अशा वेळी माणूस दैवाला दोष देत बसतो आणि मनानेही पांगळा होतो. नाथमाधवांनी तसे होऊ दिले नाही. रुग्णशय्येवर त्यांनी वाचनाची कास धरली. वाचता वाचता आपणही लिहावे, अशी उमेद त्यांच्या मनात निर्माण झाली. पाय गेले होते, पण हात शाबूत होते आणि कल्पनाशक्तीला तर कोणताही कडा अडवू शकत नव्हता.

१९०८ साली ‘प्रेमवेडा’ ही त्यांची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली आणि १९१३ साली ‘वीरधवल’ वाचकांपुढे आली. मात्र केवळ अद्भुतावरच ते थांबले नाहीत. ‘डॉक्टर’ या कादंबरीत त्यांनी समाजाच्या प्रश्नांकडे लक्ष वेधले. पुढे शिवकालाकडे वळून ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’, ‘स्वराज्याची स्थापना’ अशी ऐतिहासिक कादंबऱ्यांची मालिकाच त्यांनी लिहिली. ज्या गडाच्या परिसरात त्यांचे पाय गेले, त्याच सह्याद्रीतील मावळ्यांच्या शौर्याचे गुणगान त्यांनी खोलीत पडून केले. सह्याद्रीविषयी त्यांच्या मनात कटुता राहिली नाही.

हे काम एका दिवसाच्या उत्साहाने होण्यासारखे नव्हते. एक कादंबरी म्हणजे शेकडो पाने. धडधाकट माणसालाही कंटाळा यावा, असे ते कष्ट. दुखणाइताला तर उठण्याबसण्यासाठीही दुसऱ्याची मदत लागते. तरीही त्यांची लेखणी वर्षानुवर्षे चालत राहिली. २१ जून १९२८ रोजी वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. परंतु त्यांची पुस्तके पुन्हा पुन्हा छापली गेली आणि मुंबई-पुण्यापासून दूर असलेल्या गावांतील वाचकही त्यांत रंगून गेले.

अद्भुतकथा म्हणजे निव्वळ करमणूक, असे काही जण समजतात. त्यांतील प्रसंग खरे नसतात, हे मान्य. पण त्यांतून मिळणारी शिकवण खोटी नसते. संकट आले म्हणून नायक परत फिरत नाही. एक वाट बंद झाली, तर तो दुसरी शोधतो. नाथमाधवांनी ही शिकवण आधी आपल्या आयुष्यात उतरवली आणि मग कागदावर मांडली. उद्या भोकरच्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने वाचनालयातून ‘वीरधवल’ आणले, तर त्यातील नायकाबरोबरच त्याच्या कर्त्याचेही स्मरण ठेवावे. शौर्य केवळ रणांगणावर दिसते असे नाही. चार भिंतींच्या आत, कोणाच्याही दृष्टीस न पडता, रोज थोडे थोडे काम करीत राहणे हेही शौर्यच होय.