हवेची परीक्षा घेणारा शिक्षक

जॉन टिंडल याचा जन्म २ ऑगस्ट १८२० रोजी आयर्लंडमधील कार्लो परगण्यात झाला. त्याचे वडील साधे पोलिस शिपाई होते. घरची स्थिती बेताचीच होती. तथापि मुलाने शिकावे, याची त्यांना फार आस्था होती. जॉनला गणिताची गोडी लागली व तो जमीनमोजणीच्या खात्यात नोकरीस लागला. अल्प वेतनाविषयी तक्रार केल्यामुळे १८४३ साली ती नोकरी गेली. परंतु तो खचला नाही. काही काळ रेल्वेमार्गांची मोजणी करून १८४७ साली तो इंग्लंडमधील क्वीनवुड येथील शाळेत शिक्षक झाला. तेथे एडवर्ड फ्रँकलंड या सहकाऱ्यासह तो मुलांना प्रयोगशाळेत नेऊन विज्ञान शिकवू लागला.

पुढे जर्मनीत उच्च शिक्षण घेऊन तो परतला आणि १८५३ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक झाला.

सूर्य मावळल्यावर जमीन आपली उष्णता आकाशात टाकीत असते. मग पृथ्वी रात्रीतून गोठून का जात नाही? हवा ही उष्णता अडवीत असावी, असा तर्क पूर्वीच्या शास्त्रज्ञांनी केला होता. कार्बन डायऑक्साइड वायू उन्हात अधिक तापतो, असे अमेरिकेतील युनिस फूट या विदुषीने १८५६ साली दाखविलेही होते. परंतु जमिनीपासून निघणारे अदृश्य उष्णकिरण कोणता वायू अडवितो, हे मोजून पाहणे अजून बाकी होते. १८५९ साली टिंडलने ते काम हाती घेतले.

त्याने एक लांब पितळी नळी घेतली. काच असे किरण अडविते, म्हणून नळीची तोंडे त्याने सैंधवाच्या पारदर्शक चकत्यांनी बंद केली. एका टोकास तापलेले भांडे आणि दुसऱ्या टोकास उष्णतेतील यत्किंचित फरकही दाखविणारे यंत्र ठेवले. मग नळीत एकेक वायू भरून त्याने परीक्षा घेतली. हवेचा बहुतेक भाग व्यापणारे नत्रवायू आणि प्राणवायू किरणांना जवळजवळ मुळीच अडवीत नव्हते. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड मात्र त्यांना अडवीत होते. हवेत अत्यल्प असणारे हे घटकच पृथ्वीचे पांघरूण आहेत, हे अशा रीतीने सिद्ध झाले.

एवढी कीर्ती लाभूनही टिंडलमधील शिक्षक जागाच राहिला. नाताळात मुलांसाठी भरणाऱ्या व्याख्यानमाला त्याने बारा वेळा गुंफिल्या. अमेरिकेतील व्याख्यानांतून १८७३ पर्यंत मिळालेली प्राप्ती त्याने तेथील विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी देऊन टाकली. ४ डिसेंबर १८९३ रोजी त्याचे निधन झाले.

टिंडलच्या काळी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे तीनशेहूनही कमी भाग होते. कोळसा व खनिज तेल जाळल्यामुळे २०२४ साली ते चारशे वीसहून अधिक झाले. पांघरूण दाट झाले, तशी पृथ्वीही तापू लागली. विद्यार्थ्यांनो, अल्प म्हणून कोणतीही वस्तू उपेक्षणीय मानू नये आणि मोजून पाहिल्यावाचून निर्णय देऊ नये, हाच या शिक्षकाच्या जीवनाचा पाठ आहे.