बिनइंजिनाचे उड्डाण

उन्हाळ्यात दुपारच्या वेळी मैदानात उभे राहून वर पाहा. एखादी घार आकाशात घिरट्या घालताना दिसेल. तिच्याकडे थोडा वेळ नीट लक्ष द्या. ती पंख हलवत नाही. पंख पसरून ती नुसती गोल गोल फिरते, आणि तरीही खाली येण्याऐवजी वर वर जाते. पाहता पाहता ती ठिपक्याएवढी होते. पंख न हलवता ती वर जाते कशी?

हे कोडे ज्यांनी स्वतः आकाशात जाऊन सोडवले, त्यांच्यापैकी एक होते रॉबर्ट क्रोनफेल्ड. ते ग्लायडर उडवत असत. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेले विमान. त्याला लांब पंख असतात, शेपटी असते, वैमानिकाला बसायला जागा असते. पण पुढे खेचणारे यंत्र नसते.

वर्गात हे सांगितले की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, की इंजिन नाही तर ते पडत कसे नाही? खरे सांगायचे तर ग्लायडर सतत खालीच येत असते. उतारावरून सोडलेली सायकल पायडल न मारताही पुढे जाते, तसे ग्लायडर हवेच्या उतारावरून घसरत पुढे जाते. मात्र त्याच्या भोवतीची हवाच जर वर चढत असेल, आणि ग्लायडर जितक्या वेगाने खाली येते त्याहून जास्त वेगाने चढत असेल, तर ती हवा ग्लायडरलाही आपल्याबरोबर वर नेते. म्हणून ग्लायडर उडवणाऱ्याचे खरे काम एकच, वर चढणारी हवा शोधणे. हवा तर डोळ्यांना दिसत नाही. सारी गंमत आणि सारा धोका इथेच आहे.

रॉबर्ट क्रोनफेल्ड यांचा जन्म ५ मे १९०४ रोजी ऑस्ट्रिया देशाची राजधानी व्हिएन्ना येथे एका ज्यू कुटुंबात झाला. ते दहा वर्षांचे असताना पहिले महायुद्ध सुरू झाले. त्या युद्धात जर्मनी आणि ऑस्ट्रिया हरले. १९१९ मध्ये व्हर्सायचा तह झाला. या तहाने जर्मनीला लष्करी विमाने ठेवण्यास मनाई केली आणि इंजिनाच्या विमानांवरही कडक बंधने आली. पण तहात ग्लायडरवर बंदी नव्हती. मग विमानांचे वेड असलेले जर्मन तरुण ग्लायडरकडे वळले.

जर्मनीच्या मध्यभागी ऱ्होन नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. तिथे वासरकुप्पे नावाचा सुमारे ९५० मीटर उंचीचा बोडका डोंगर आहे. १९२० पासून या डोंगरावर दरवर्षी ग्लायडरच्या स्पर्धा होऊ लागल्या. मुले लाकडी पट्ट्या आणि कापड वापरून स्वतःच्या हातांनी ग्लायडर बनवून आणत. ग्लायडरच्या नाकाला रबराचा लांब दोर अडकवत. दोराची दोन टोके धरून मित्र उताराकडे धावत सुटत, आणि गलोलीतून खडा सुटावा तसे ग्लायडर हवेत सुटे. पहिल्या वर्षीचे सर्वांत लांब उड्डाण दोन किलोमीटरही भरले नाही. ते अडीच मिनिटांच्या आत संपले. पण १९२२ मध्ये हॅनोव्हरच्या विद्यार्थ्यांनी बनवलेले एक ग्लायडर तासापेक्षा अधिक वेळ हवेत राहिले.

इथे मला आमच्याच पेशातील एका माणसाची आठवण केल्याशिवाय राहवत नाही. फर्डिनांड शुल्झ हे पूर्व प्रशियातील शाळामास्तर. त्यांचे घरी बनवलेले ग्लायडर इतके साधे होते, की ते चालवण्यासाठी झाडूचे दांडे लावले होते. लोकांनी त्याला नावही तसेच ठेवले. याच ग्लायडरमधून शुल्झ मास्तर १९२४ मध्ये ८ तास ४२ मिनिटे हवेत राहिले.

तरीही ही सारी उड्डाणे डोंगराच्या आसपासच होत. वारा डोंगरावर आदळला की त्याला वर चढावे लागते. त्या चढणाऱ्या वाऱ्यात ग्लायडर इकडून तिकडे फिरत राहते. डोंगर संपला की वारा सपाट होतो आणि ग्लायडर खाली येते. दावणीला बांधलेल्या जनावरासारखी त्याची अवस्था असे.

क्रोनफेल्ड वासरकुप्पेला आले ते याच काळात. ते ग्लायडर उडवायला शिकले आणि लवकरच दुसऱ्यांना शिकवूही लागले. त्यांना डोंगराची ही दावण तोडायची होती. त्या वेळी तिथे वॉल्टर गेओर्गी नावाचे हवामानशास्त्राचे प्राध्यापक काम करत होते. उन्हाने जमीन तापते, तिच्यावरची हवा तापून हलकी होते आणि वर चढते. वर गेल्यावर ती थंड होते, तिच्यातील वाफेचे ढग बनतात. म्हणजे कापसाच्या गोळ्यासारखा पांढरा ढग दिसला, की त्याच्याखाली हवा वर चढत असणार, असे गेओर्गी यांचे मत होते. घारीला जे उपजत ठाऊक असते, ते माणूस असा हिशेब मांडून शिकत होता!

पण एक अडचण होती. आपण बंद लिफ्टमध्ये उभे राहिलो तर लिफ्ट सुरू होताना आणि थांबताना धक्का जाणवतो. मधल्या वेळात ती वर जात आहे की खाली, हे कळत नाही. ग्लायडरमध्येही तसेच होते. जमिनीपासून खूप उंच गेल्यावर आपण चढतो आहोत की उतरतो आहोत, हे नुसत्या अंदाजाने समजत नाही. अलेक्झांडर लिपिश नावाच्या ग्लायडर बनवणाऱ्या तज्ज्ञाने क्रोनफेल्ड यांना यावर एक उपाय सुचवला. बलून उडवणारे लोक व्हेरिओमीटर नावाचे एक उपकरण वापरत. त्यात हवेने भरलेली एक बाटली असते. आपण वर चढलो की बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो आणि बाटलीतील हवा बाहेर पडू लागते. खाली आलो की हवा आत शिरते. हवेच्या या ये-जा करण्याने तबकडीवरचा काटा हलतो आणि चढउतार कळतो. ग्लायडरमध्ये हे उपकरण सर्वांत आधी वापरणाऱ्यांत क्रोनफेल्ड होते. १९२८ च्या स्पर्धेत ते वासरकुप्पेवरून निघाले, ढगांच्या आधाराने हिम्मेलडुंक या दुसऱ्या डोंगरापर्यंत गेले आणि परत आले. अंतर फार नव्हते. पण मधली दरी ओलांडून जाणे आणि पुन्हा निघालो तिथेच येणे, ही गोष्ट नवी होती.

पुढच्या वर्षी त्यांच्याकडे लिपिश यांच्या आराखड्यानुसार बनवलेले नवे ग्लायडर आले. त्याच्या पंखांचा पसारा १९ मीटरहून थोडा अधिक होता. क्रोनफेल्ड यांनी त्याला आपल्या गावाचे नाव दिले, ‘वीन’. व्हिएन्नाला जर्मन भाषेत वीन म्हणतात.

त्या वेळी एका जर्मन वृत्तपत्राने ग्लायडरमधून १०० किलोमीटर जाणाऱ्या पहिल्या वैमानिकाला ५००० मार्कांचे बक्षीस जाहीर केले होते. १५ मे १९२९ रोजी क्रोनफेल्ड ‘वीन’मध्ये बसले. त्यांनी वाट निवडली ती ट्यूटोबर्ग जंगलाच्या डोंगररांगेची. ही रांग लांबच लांब आहे, पण मध्ये मध्ये ती तुटलेली आहे. रांगेवरून जाताना वारा साथ देई. तुटलेल्या जागी मात्र पुढचा डोंगर येईपर्यंत उंची पुरेल की नाही, याचा हिशेब करावा लागे. हिशेब चुकला तर खाली शेतात उतरण्यावाचून गत्यंतर नव्हते. क्रोनफेल्ड यांचा हिशेब चुकला नाही. १०० किलोमीटरची हद्द त्यांनी ओलांडली आणि बक्षीस जिंकले.

त्याच वर्षी जुलैमध्ये वासरकुप्पेच्या स्पर्धा भरल्या. २० जुलैला दूर क्षितिजावर काळे ढग जमले. वीज चमकू लागली. अशा वेळी शहाणा माणूस घराकडे वळतो. क्रोनफेल्ड ग्लायडरकडे गेले. वादळ पुढे सरकते तेव्हा त्याची थंड, जड हवा जमिनीलगत पाचरीसारखी घुसते आणि समोरच्या गरम हवेला वर उचलते. म्हणून वादळाच्या तोंडासमोर हवा फार जोराने वर चढते. त्या हवेत राहायचे, वादळाच्या पुढे पुढे जायचे, पण वादळाच्या पोटात शिरायचे नाही, असा हा बेत होता. आत शिरले तर लाकूड आणि कापडाच्या ग्लायडरचे तुकडे व्हायला वेळ लागत नाही. क्रोनफेल्ड दोन हजार मीटरहून अधिक उंच चढले आणि वादळ मागे ठेवून सुमारे १४० किलोमीटर दूर जाऊन उतरले. त्याच महिन्याच्या शेवटी त्यांनी सुमारे १५० किलोमीटरचे आणखी एक उड्डाण केले. आता युरोपभर त्यांचे नाव झाले.

१९३० मध्ये त्यांना इंग्लंडमध्ये बोलावणे आले. तिथल्या दक्षिण भागातील टेकड्यांवरून ते समुद्रकिनाऱ्याच्या दिशेने पोर्ट्समथपर्यंत उडत गेले. लोकांनी प्रचंड गर्दी केली.

मग इंग्लंडच्या एका वर्तमानपत्राने १००० पौंडांचे बक्षीस लावले. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामध्ये समुद्राचा जो अरुंद पट्टा आहे, त्याला इंग्लिश खाडी म्हणतात. ग्लायडरमधून ही खाडी एकाच दिवसात ओलांडून परत येणाऱ्या पहिल्या माणसाला ते मिळणार होते. खाडी सर्वांत अरुंद ठिकाणी सुमारे ३३ किलोमीटर रुंद आहे. तुम्ही म्हणाल, १५० किलोमीटर गेलेल्या माणसाला हे काय अवघड? पण समुद्राचे पाणी जमिनीसारखे तापत नाही. तिथे डोंगरही नाहीत. वाटेत कोणी वर उचलणारे नसते. जी उंची घेऊन निघाल तिच्यावरच पलीकडचा किनारा गाठायचा; उंची कमी पडली तर खाली थंड पाणी. २० जून १९३१ रोजी इंजिनाच्या विमानाने ‘वीन’ला दोराने ओढत फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ उंच नेले. क्रोनफेल्ड यांनी दोर सोडला आणि ते डोव्हरजवळ इंग्लंडच्या भूमीवर उतरले. त्याच दिवशी ते तशाच रीतीने निघून फ्रान्सला परतले. बक्षीस त्यांना मिळाले.

यानंतर त्यांनी ३० मीटर पसाऱ्याच्या पंखांचे अवाढव्य ग्लायडर उडवले. त्याला त्यांनी आपल्या देशाचे, ‘ऑस्ट्रिया’ हे नाव दिले होते. हे पाऊल मात्र चुकीचे ठरले, असे मला वाटते. इतके लांब पंख सांभाळणे सोपे नव्हते. १९३२ मध्ये ते ढगात शिरले असता ग्लायडर मोडले. क्रोनफेल्ड पॅराशूटच्या साहाय्याने खाली आले म्हणून बचावले. त्याच वर्षी त्यांचा तरुण प्रतिस्पर्धी ग्युंथर ग्रोएनहोफ वासरकुप्पेवर अपघातात मरण पावला. ग्रोएनहोफने आदल्या वर्षी वादळापुढे २७२ किलोमीटरचे उड्डाण करून क्रोनफेल्ड यांना मागे टाकले होते.

१९३३ साली जर्मनीत हिटलरची सत्ता आली. क्रोनफेल्ड ज्यू होते. ज्या वासरकुप्पेवर लोकांनी त्यांना खांद्यावर घ्यायचे, तिथेच त्यांना उडण्याची मनाई झाली. त्यांनी कोणता गुन्हा केला होता? काहीही नाही. त्यांचा जन्म कोणत्या घरात झाला, एवढेच पाहिले गेले. ते आधी ऑस्ट्रियाला गेले आणि पुढे इंग्लंडमध्ये राहू लागले. तिथे लंडनजवळ हॅनवर्थ येथे त्यांनी लहान विमानांच्या कारखान्याचा कारभार सांभाळला. या कारखान्यात ‘ड्रोन’ नावाचे एका माणसाचे हलके विमान बनत असे. आजच्या मानवरहित ड्रोनशी त्याचा संबंध नाही. ग्लायडरलाच एक छोटे इंजिन बसवावे, असे ते होते. पेट्रोल फार थोडे लागे. स्वतः क्रोनफेल्ड ते चालवत लंडनहून पॅरिसला गेले होते.

१९३७ मध्ये ग्लायडरची पहिली आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. ती वासरकुप्पेवरच भरली. सात देशांनी भाग घेतला आणि जर्मनीचा हाइनी डिटमार विजयी झाला. स्पर्धकांच्या यादीत क्रोनफेल्ड यांचे नाव नव्हते.

१९३९ मध्ये ते ब्रिटिश नागरिक झाले. त्याच वर्षी दुसरे महायुद्ध पेटले. क्रोनफेल्ड ब्रिटनच्या हवाई दलात दाखल झाले. आता ग्लायडर हा खेळ राहिला नव्हता. सैनिक आणि तोफा शत्रूच्या प्रदेशात गुपचूप उतरवण्यासाठी मोठमोठी ग्लायडर बनत होती. त्यांच्या चाचण्यांच्या कामी क्रोनफेल्ड यांचा अनुभव उपयोगी पडला. ते स्क्वॉड्रन लीडर झाले. त्यांना पदकही मिळाले.

युद्ध संपल्यावर ते एका विमान कंपनीत मुख्य चाचणी वैमानिक म्हणून काम करू लागले. नवे विमान बनले की ते पहिल्याने उडवून त्याचे दोष शोधायचे, हे त्यांचे काम. त्या काळी शेपटी नसलेल्या विमानांचे प्रयोग चालू होते. १२ फेब्रुवारी १९४८ रोजी क्रोनफेल्ड असेच एक बिनशेपटीचे ग्लायडर घेऊन आकाशात गेले. सोबत एक निरीक्षक होता. वेग अगदी कमी केल्यावर ग्लायडर कसे वागते, हे त्यांना तपासायचे होते. या चाचणीत ग्लायडरचा तोल गेला. निरीक्षक पॅराशूट घेऊन बाहेर पडला आणि वाचला. ग्लायडर हॅम्पशायरमधील लोअर फ्रॉयल या खेड्याजवळ कोसळले. क्रोनफेल्ड आतच होते. त्या वेळी त्यांचे वय ४३ वर्षांचे होते.

पाच महिन्यांनी, जुलै १९४८ मध्ये, स्वित्झर्लंडमधील सामेडन येथे अजिंक्यपद स्पर्धा पुन्हा सुरू झाली. युद्धामुळे ती अकरा वर्षे बंद होती. या वेळी स्वीडनचा पेर-अक्सेल पर्सन जिंकला.